मढ्यांचा डेक

१९ ऑगस्ट, मंगळवार. अमरावती

अद्वैत आज सगळ्यांदेखत म्हणाला की झोंबी म्हणजे कचरा. म्हणून मी झोंबींचा डेक बांधणार आहे. दुसरं काही कारण नाही.

लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मन बदललं तर ही वही स्वतःच्या तोंडावर मारता येईल. माझं मन फार बदलतं. आयटीआयचं वायरमन अर्ध्यात सोडलं, मग कुरिअर, मग लग्नात ड्रोन उडवणाऱ्याच्या हाताखाली एक सीझन. ड्रोन बाभळीत अडकला तेव्हापासून तेही बंद.

हे कार्डांचं मात्र उन्हाळ्यापासून टिकलंय. राजापेठेत कमलाकांतकाकांचं दुकान आहे. खाली वह्या-कंपास, वर माडीवर खेळायची टेबलं. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं कार्ड म्हणतो. बंद पाकिटात पत्ते मिळतात, आत काय निघेल ते नशीब. त्यातून निवडून साठ पत्त्यांचा डेक बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं. ड्रॅगन, सरदार, पऱ्या निघाल्या की पोट्टे त्यांना प्लास्टिकचं कव्हर घालतात. झोंबी निघाले की काकांच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात फेकतात. मी तो डबाच उचलून आणला. काका म्हणाले, "ने बाबा, झुरळं तरी कमी होतील."

अद्वैत वकिलांचा मुलगा. रागावत नाही, समजावून सांगतो, ते जास्त लागतं. "चंदन, पत्ता मेला की मेला. त्याच्यावर डेक उभा राहत नाही. साधा हिशोब आहे."

"कोणं ठरवला बे हिशोब?"

"सगळ्या जगाने. नेटवर यादी आहे, बघ."

बघायची गरज नाही. लढताना मेलेला पत्ता बाजूच्या ढिगात जातो. इंग्रजीत ग्रेव्हयार्ड, आमच्यात मसणवटी. बाकीच्यांचे तिथं जाऊन पडतात ते पडतात. झोंबी तिथून उठून परत येतात. पत्त्यावर तसं छापलेलंच आहे. मग यादी करणाऱ्यांना काय एवढं कळतं?

१४ सप्टेंबरला अकोल्यात स्पर्धा आहे. अद्वैत जाणार. मी म्हटलं मीपण येतो, मढ्यांचा डेक घेऊन, आणि तुलेच हरवतो. सगळे हसले. खोलीवर आल्यावर लक्षात आलं, अकोला.

अकोल्यात सीमाताई राहते. म्हणजे आमच्या घरच्या मते ती कुठेच राहत नाही. चार वर्षांपूर्वी तिनं श्यामशी लग्न केलं. तो पाट्या रंगवतो आणि आपल्या जातीचा नाही. लग्नानंतर तेराव्या दिवशी बाबांनी तिची तेरवी घातली. हजामत करून, गावजेवण देऊन. पंगतीत उभे राहून म्हणाले, "जो तिच्या उंबऱ्यात पाय ठेवील, त्याचीबी अशीच घालीन." बाबांचं नाव खुशालराव आहे, हे मला कधीकधी खरं वाटत नाही.

मी त्याच वर्षी बारावीला बसलो नाही, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. माझी बस चुकली होती.

अकोला मोठं आहे. ती जुन्या शहरात, नदीपलीकडे. स्पर्धा अलीकडे. तिकडे जायचं काही कामच नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

हरलो. परत हरलो. मग अद्वैत म्हणाला, "आता डाव्या हाताने खेळतो," आणि डाव्या हातानेही त्याने हरवलं.

काका मागे उभे राहून भेळ खात होते. म्हणाले, "तू तुझ्या मढ्यांना जपतोस कशाला?"

"म्हणजे?"

"प्रत्येकाला वाचवतोयस. हातात धरून बसतोस. अरे, ती मेल्याशिवाय उठतील कशी? तुझा डेक मसणवटी भरली की सुरू होतो. आधी मार त्यांना."

बरोबर होतं. मलाही कळत होतं. पण पत्ता ढिगात टाकताना माझा हात थांबतो. एक झोंबीण आहे, तिच्या पत्त्यावर चिखलातून नुसता हात वर आलेला आहे. आज तिला टाकायची होती तर मी दुसराच पत्ता टाकला आणि डाव गेला. अद्वैत म्हणाला, "प्रेमात पडलास का हिच्या?" मी म्हटलं तोंड सांभाळ.

काय झालं मला कोण जाणे. कागदाचा तुकडा आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार. सेमाडोह

इथं कसा आलो ते थोडक्यात. परवा चौकात एक गाडीवाला भेटला, चिखलदऱ्याचं भाडं होतं, सोबत कोणीतरी पाहिजे होतं. मी बसलो. पर्यटक चिखलदऱ्याला धुकं पाहून कंटाळले आणि त्यांना वाघ पाहिजे झाला. पावसाळ्यात जंगल बंद असतं हे त्यांना मी आणि गाडीवाल्याने आळीपाळीने सांगितलं. आता ते विश्रामगृहात भांडताहेत आणि मी चहाच्या टपरीवर पत्ते मांडून बसलोय.

फायदा एवढाच झाला की इथं रेंज नाही, म्हणून डेककडे नीट पाहिलं. जे नुसते मोठे आणि दांडगे दिसतात म्हणून घेतले होते ते काढून टाकले. स्वस्तात मरतात आणि स्वस्तात उठतात ते ठेवले. स्वतःच्याच डेकमधून पत्ते उचलून सरळ मसणवटीत टाकायचे, असे पत्तेही आहेत. ते पहिल्यांदा वापरायला मन धजलं. टपरीवाल्याने विचारलं, "काय हाय हे?" मी म्हटलं, मेलेले आहेत, परत येतात. तो म्हणाला, "मग उधारी देऊन जात असतील." आणि कप उचलून गेला.

एक पत्ता मात्र पाहिजेच. त्याचं माझं नाव 'उठवणारी'. ती आली की मसणवटीतले सगळे एकदम उठतात. ती श्रीखंडाच्या डब्यात नाही. ती कोणी फेकत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार. गाव

महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरी आलो. मूर्तिजापूरपासून ॲपेने, पाय बाहेर लोंबकळत. आंबील, कढी, सोळा भाज्यांची भाजी, सगळं हादडलं.

बाबा बोलले नाहीत असं नाही. "काय करून राहिला सध्या?" म्हणाले. मी म्हटलं पत्ते. त्यांना रमी वाटली. पुढचं बोलणं लिहीत नाही.

आज मायनं गोठ्यात बोलावून घेतलं. "चंदन, नवमीले सवासीण पाहिजे."

पितृपक्षातल्या नवमीला आमच्या घरी सीमाताईच्या नावाचं पान मांडतात. तेरवी झाली म्हणजे पितरांचं पानही आलं. माय म्हणाली होती आणि बाबा नाही म्हणाले नव्हते. त्या पानावर एक सवासीण जेवायला लागते. दरवर्षी सत्यभामाकाकू बसायच्या. त्या लेकाकडे नाशिकला गेल्या. बाकी गावात कोणी बसायला तयार नाही.

"कावून?"

"जित्या पोरीचं पान जेवाचं, पाप लागते म्हंतात."

"मग नका मांडू."

माय एकदम उसळली. "नका मांडू कसं? तेवढं एकच तं करता येते मले तिच्यासाठी."

मग बाबाच बाहेर आले. कुठपासून ऐकत होते माहीत नाही. मला म्हणाले, "अमरावतीतून आण एखादी. तुयी तं गावभर ओळख हाय. पंधरा तारीख. इसरू नको."

मी म्हटलं आणतो. कोण आणायची ते सुचेल. आधी 'उठवणारी' शोधायची आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार. अमरावती

मार्ग निघाला. काकांनी नियम वाचून दाखवला. अकोल्याच्या स्पर्धेत जवळ नसलेला पत्ता हाताने बनवून चालतो. वरचं नाव आणि खालचा मजकूर वाचता आला पाहिजे, चित्र ज्याचं त्याने काढावं.

"नाहीतर प्रिंट मार," काका म्हणाले. "समोरच झेरॉक्स आहे."

झेरॉक्सवाला जेवायला गेला होता. मी थोडा वेळ थांबलो. मग म्हटलं, प्रिंटमध्ये मजा नाही, हाताचंच पाहिजे. मी काढून पाहिलं. बाई काढली तर बैल आला. ओळखीत चित्र काढणारं कोण, असा खूप विचार केला. एकच माणूस आठवलं.

पोळ्याला बैलांची शिंगं तीच रंगवायची. आमच्या बैलांना गावात पहिला नंबर असायचा.

९ सप्टेंबर, मंगळवार. अकोला

उंबऱ्यात पाय ठेवला. काही झालं नाही. उलट उंबऱ्याला ओला रंग होता, तो चपलेला लागला.

सीमाताई पाटी रंगवत होती. 'येथे पिको फॉल करून मिळेल' मधला 'फॉ' चालू होता. तिनं ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाली, "माह्या तेरवीत तुयं टक्कल केलतं म्हणे. फोटो हाय काय?"

"माझं नाही केलं. बाबांचंच केलं."

"बाबाले कसं दिसलं?"

"कान मोठे दिसले."

ती एवढी हसली की 'फॉ' वाकडा झाला. श्याम आतून चहा घेऊन आला, पाटी बघितली आणि ओल्या फडक्याने तो पुसला. बरा माणूस आहे. साखर जास्त टाकतो.

मी तिला खेळ समजावला. अद्वैतपेक्षा ती लवकर शिकली. मग 'उठवणारी'चं काय काय लिहायचं ते मोबाइलवर दाखवलं. मूळ पत्त्यावर दलदलीत उभी म्हातारी आहे, गळ्यात हाडं. "हिनं काय होते?"

"मेलेले उठतात."

तिनं जाड कागद कापला आणि तासभर मान वर केली नाही. डेकमध्ये एकाचे चार चालतात म्हणून चार पत्ते, चारही सारखे. हिरवा शालू, कोपरापर्यंत चुडा, कपाळाला मळवट, मुंडावळ्या. चेहरा मात्र राखेच्या रंगाचा. मी म्हटलं, "ताई, हे मढं नाही दिसत. ही नवरी दिसते."

"मेली तवा अशीच होती," ती म्हणाली.

मजकूर वाचता येत होता म्हणून मी वाद घातला नाही.

पत्ते वाळेपर्यंत इकडचं तिकडचं बोललो. त्यात मी नवमीचं सांगितलं, सवासीण शोधायची म्हणून. तिला माहीतच नव्हतं.

"माह्या नावाचं पान? नवमीले?"

"हो."

"नक्की नवमीले? अमावस्येले नाई?"

"अवं नवमीलेच. दरवर्षी."

ती श्यामकडे बघत राहिली. "नवमी तं नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची असते. म्हणजे बाबानं मले तुयी बायको धरली."

श्याम म्हणाला, "चार वर्षं झाली, मला कोणी सांगितलं नाही."

दोघं हसायला लागले. मग ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. भांडी मघाशीच घासलेली होती. मला काय, मी पत्त्यांना कव्हर घालत होतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. अमरावती

डेक चालतोय. आज काकांना हरवलं, मग अद्वैतच्या दोन्ही मित्रांना. आता पत्ता मसणवटीत टाकताना हात थांबत नाही. चिखलातल्या हाताची तर पहिल्या डावातच पाठवणी करतो. जा, येशील परत.

अद्वैतने नवरी पाहिली. "हे काय, लग्नपत्रिका?" म्हणाला. मी म्हटलं रविवारी आहेर घेऊन ये.

सवासणीचं बघायचं राहिलं.

१४ सप्टेंबर, रविवार. अकोला, ताईच्या घरी

मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. पितृपक्षात लग्नं नसतात म्हणून हॉल मिळाला. स्टेजवर दोन सिंहासनं तशीच होती आणि त्यांच्यामध्ये पंच अनुपमा मॅडम बसल्या होत्या.

पहिल्याच फेरीत मला ताकीद मिळाली. मी मेलेले पत्ते पालथे ठेवत होतो. माझा दोष नाही. लहानपणापासून ओट्यावर मेंढीकोट खेळलोय, त्यात जिंकलेला हात पालथाच ठेवतात आणि परत कोणी उघडून बघितला तर भांडण. हात आपोआप वळतो. काकांच्या दुकानात कोणी कधी टोकलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "मसणवटी झाकायची नाही. उघडी ठेवायची. कोण मेलंय ते समोरच्याला दिसलं पाहिजे."

"दिसून काय करायचंय त्याले?"

"त्याने मारलंय ना. मग बघू दे."

तिसऱ्या फेरीत अद्वैत समोर आला. त्याचा ड्रॅगन लवकर उतरला. माझे सगळे गेले, एकामागून एक, आणि मी एकेक उताणा मांडत गेलो, तोंड त्याच्याकडे करून. खेळात जिवाचे आकडे असतात, माझा शेवटच्या आकड्यावर आला. अद्वैत पत्ते गोळा करायच्या तयारीत म्हणाला, "झालं ना रे? चांगला खेळलास."

मी नवरी टाकली.

त्याने ती उचलून वाचली, परत वाचली. मॅडमना बोलावलं. मॅडमनी वाचली, म्हणाल्या, "सुवाच्य आहे. नियमात आहे." अद्वैतने विचारलं, "पण हिला मुंडावळ्या का आहेत?"

"तुले काय करायचं? उठले किती ते मोज."

त्याच्याकडे एक ड्रॅगन होता. माझं आख्खं गाव उठून आलं होतं.

अद्वैतने हात मिळवला. म्हणाला, "तरी हा डेक चांगला नाहीये." मी म्हटलं, नाहीच आहे, पण तू हरलास.

पुढच्या फेरीत आनंदाच्या भरात पुन्हा दोन पत्ते पालथे पडले आणि डाव कापला गेला. बाहेर. मॅडमचं बरोबर होतं. वाईट वाटलं, पण हॉलमधून निघताना दोन अनोळखी पोट्टे मागे आले आणि झोंबी कुठे मिळतात विचारलं.

संध्याकाळी ताईकडे आलो तर बाबांचा फोन. "उद्या सवासीण आणून राहिला ना?"

"हो बाबा."

फोन ठेवला. साफ विसरलो होतो. ताई पीठ मळत होती. "भेटली काय कोणी?"

"नाही."

"मी नाई काय सवासीण?"

मी विचार केला. नवरा जिवंत आहे, समोर कांदा चिरतोय. मंगळसूत्र आहे. मी शोधलं, पण जिच्या नावाचं पान तिनंच जेवू नये असा नियम मला तरी कुठे सापडला नाही.

"बाबा माझी तेरवी घालतील," मी म्हटलं.

"दोघायची संगच घालतील. खर्च वाचन."

श्याम म्हणाला तोही येतो. ताई म्हणाली, "यंदा नको. यंदा मले एकटीले मेलेलं राहू दे." सकाळच्या गाडीने निघतोय.

१६ सप्टेंबर, मंगळवार. गाव

काल लिहायला झालं नाही. जेवण सुस्तावणारं होतं.

स्टँडवरून आम्ही गल्लीने सरळ, मधोमध आलो. ताईनं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि डोक्यावरचा पदर मागे टाकला होता. लोक ओट्यावरून उठून उभे राहिले. एक म्हातारी म्हणाली, "कोण वो ही?" ताई म्हणाली, "खुशालरावाची सीमा. मेलेली." आणि पुढे चालत राहिली.

बाबा अंघोळीला गेले होते. माय दारात आली आणि दाराचीच चौकट धरून राहिली. मी म्हटलं, "सवासीण आणली."  मायनं ताईचा हात धरला, आत नेलं, पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि घाईघाईने पानावर मीठ वाढून टाकलं. मीठ पडलं की सवासणीला पाटावरून उठवत नाहीत.

बाबा ओल्या धोतरात आत आले आणि थांबले. घरचे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, काकू, सगळे भिंतीला टेकून उभे. मीच बोललो. "बाबा, मी तिच्या घरी दोनदा गेलो. माझी तेरवी घालायची तर आजच घाला, स्वयंपाक झालेला आहे."

"गप बस," बाबा म्हणाले. "तुयं मंग पाहू."

काकांनी म्हटलं, "दादा, उठवा तिले." माय कढईपाशी होती, तिथूनच म्हणाली, "पाटावरची सवासीण उठवून पितर उपाशी ठेवता काय?" मी मायचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

बाबा उभेच राहिले. ताई जेवली. सावकाश, कढीत वडा बुडवून, बोटं चाटून.

आमच्याकडे रीत अशी की ज्याच्या घरचं पान त्यानं शेवटी हात जोडून सवासणीला विचारायचं, पोट भरलं काय म्हणून. तिनं हो म्हटल्याशिवाय ती उठत नाही आणि घरात कोणी जेवत नाही. बाबांनी हात जोडले. भिंतीकडे बघून म्हणाले, "बाई, पोट भरलं काय?"

"नाई," ताई म्हणाली.

सत्यभामाकाकू नेहमी पहिल्यांदाच हो म्हणायच्या.

"काय वाढू?"

"वडे. अन् भिंतीले नोका वाढू, मले वाढा."

बाबांनी परात घेतली. त्यांना वाकायला त्रास होतो म्हणून वेळ लागला. खाली गेल्यावर पटकन वरही येता येईना, ताईच्या तोंडासमोर तसेच राहिले. ताईनं खाल्लं. बाबांनी परत विचारलं. ती परत नाही म्हणाली. मग अजून एकदा. काकांचं पोट गुरगुरलेलं मला ऐकू येत होतं.

परातीतले वडे संपले. मला वाटलं आता तरी ही हो म्हणेल आणि आपल्याला पान मिळेल. ताईनं बाबांकडे बघून मान हलवली, नाही.

बाबा तिथंच तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि मायला म्हणाले, "गोदा, कढई परत चढव."

मला जेवायला दुपार उलटली.